भाच्याचा विश्वास कमी पडला म्हणे

इथे अमेरिकेत आपल्या मंडळाच्या गणपतीच्या तयारीच्या बैठकीत मी हा विषय काढला आणि सगळे हसले. ते हसणं मला मूळ वाक्याहून जास्त लागलं, म्हणून हा लेख. संपादकांनी माझ्याकडे पाककृती मागितली होती. ती पुढच्या अंकात.

मूळ वाक्य माझ्या लेकीचं. दर बुधवारी ती मैत्रिणीबरोबर तिच्या चर्चच्या मुलांच्या गटात जाते. पिझ्झा असतो, गाणी असतात, मुलं भली आहेत, माझी हरकत नाही. तिथे तिने तुमसरच्या दादासाठी, म्हणजे माझ्या ताईच्या मुलासाठी, प्रार्थना करायला सांगितलं. सगळ्यांनी डोळे मिटून मनापासून केली. पुढे तो पुन्हा दवाखान्यात भरती झाल्याचा ताईचा फोन आला, तेव्हा लेक विचारते, "आई, दादाचा विश्वास कमी पडला का गं?" तिथे कुणीतरी तसं सांगितलं होतं.

दादाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आपल्या विदर्भाकडच्या वाचकांना त्यापुढे काही सांगायला नको. थंडी पडली, ताप आला, पाणी कमी प्यायलं गेलं की हातपाय, कंबर असे काही ठणकायला लागतात की पोरगं खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडतं आणि चादरसुद्धा अंगाला लागू देत नाही. काही दिवसांनी दुखणं आपसूक ओसरतं. ओसरायच्या आदल्या दिवशी ज्याने डोक्यावर हात ठेवला, श्रेय त्याचं! आमच्या घरात हे श्रेय अंगाऱ्याला मिळालंय, नागपूरहून आलेल्या पास्टरांना मिळालंय. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीला मात्र कधीच नाही. ती बिचारी रोज घ्यायची, आणि तिचं काम म्हणजे न आलेलं दुखणं. न आलेल्या दुखण्याची साक्ष कोण देणार? एका प्रार्थनासभेहून आल्यावर ताईने गोळ्या बंद केल्या. "काहून बंद केल्या?" म्हटलं, तर म्हणाली, गोळी चालू ठेवली म्हणजे देवावर भरवसा नाही असं होते.

इथे मला राग येतो, आणि तो श्रद्धेचा नाही. याच चर्चवाल्या मंडळींची मुख्य शिकवण अशी की तारण कृपेने मिळतं, माणसाच्या कर्माने नाही. बायबलमध्ये पौलाने इफिसकरांना हेच लिहिलं. मग आत्मा फुकट तरतो आणि शरीर बरं व्हायला मात्र अमुक इतका विश्वास भरावा लागतो, हे कुठलं गणित? असा विश्वास म्हणजे नवसच झाला. नारळाऐवजी मन फोडायचं, एवढाच फरक.

याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, हे मान्य. पण पौलाने स्वतःच्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली, तो गेला नाही. शिष्य तीमथ्याच्या पोटासाठी त्याने थोडा द्राक्षारस सुचवला. सहकारी त्रफिमाला तो मिलेतात आजारीच सोडून आला. यांपैकी कुणाला त्याने विश्वास कमी पडल्याचं सुनावलं नाही. आणि त्याचा सोबती लूक वैद्य होता!

आपल्या पंडिता रमाबाईच घ्या. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. ऐकू कमी येत असल्याने ते जमलं नाही. त्याच वर्षी बाप्तिस्मा झाला. खरा ख्रिस्त आपल्याला त्यानंतर काही वर्षांनी भेटला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडून रडून प्रार्थना करत होत्या, त्याची वार्ता जगभर गेली. पण बाईंचा बहिरेपणा काही गेला नाही, आणि १९२१ मध्ये लेक मनोरमा त्यांच्या हयातीतच गेली. रमाबाईंचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

उलट बाजूही सांगते. आमच्या शेजारचे काका बाबा जुमदेवांच्या मार्गात आले, त्यांच्या 'परमात्मा एक' मंडळाचे सेवक झाले आणि त्यांची दारू सुटली. घर उभं राहिलं. जे माणसाच्या हातात आहे ते श्रद्धा बदलू शकते, हे मी पाहिलंय. रक्तातली तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते, ती माणसाच्या हातात नाही. स्कॉटिश मिशनऱ्यांनाही हे कळत होतं. नागपुरात त्यांनी चर्च बांधलं तसं म्यूर मेमोरियल हॉस्पिटलही बांधलं.

बैठकीत एक जण म्हणाला, "हे सगळे पैसे घेऊन बाटलेले." पुढे ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांना १८९३ च्या सुमारास नागपूर-राजनांदगाव गाडीत एका गोऱ्याने नवा करार दिला, पैसे नाही. ती गाडी आपल्या भंडारा रोडवरूनच जाते. पण हा विषय मोठा आहे, इथे नको. आणि हसणाऱ्यांपैकी ग्रीन कार्डासाठी कोण कोण काय काय नवस बोललेत, तेही नको.

प्रवचन झालं खरं, माफ करा. दोन चर्चवाली कुटुंबं आपल्या मंडळात आहेत; बाळंतपणात त्यांचेच डबे माझ्या घरी आले होते, हे मी विसरलेले नाही.

लेकीला मी सांगितलं, प्रार्थना कर, पण दादाने गोळी चुकवू नये म्हणून कर. तिने पुढच्या बुधवारी तसंच मागितलं, आणि गटाच्या ताईने काही न बोलता वहीत लिहून घेतलं. तुमच्यापैकी ज्यांची मुळं विदर्भात आहेत त्यांना एक सांगणं: इथे अमेरिकेत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेच्या रक्ताची सिकलसेलसाठी तपासणी होते. तो कागद फायलीत असेल. शोधा, आणि पोरं लग्नाची होतील तेव्हा त्यांच्या हातात द्या.