ताऱ्याचे वय आणि लोहाची साक्ष

विश्वाच्या आरंभी हायड्रोजन, हेलियम आणि लेशमात्र लिथियम यांखेरीज अन्य मूलद्रव्य जवळजवळ नव्हतेच. कार्बन, प्राणवायू, लोह ही सारी संपदा पुढे ताऱ्यांच्या उदरात आणि त्यांच्या स्फोटांत कशी सिद्ध झाली, याचे विस्तृत विवेचन १९५७ साली बर्बिज दांपत्य, विल्यम फाउलर आणि जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल यांनी केले. गत ताऱ्यांचे द्रव्य पुढील पिढीच्या मेघांत मिसळत गेले, आणि त्यावरून असा नियम रूढ झाला की, ज्याच्या ठायी लोह थोडे, तो तारा पुरातन. आपल्या आकाशगंगेपुरता हा नियम ढोबळ मानाने खराही आहे. परंतु लोकप्रिय लेखनात त्याला निरपवाद फैसल्याचा दर्जा मिळतो, हे मला गैर वाटते.

तूळ राशीतील, सुमारे २०० प्रकाशवर्षे दूर असलेला एचडी १४०२८३ हा तारा घ्या. त्याच्या वर्णपटात लोहाच्या काळ्या रेषा विलक्षण क्षीण आहेत. सूर्यातील प्रमाणाचा जेमतेम अडीचशेवा हिस्सा लोह तेथे आहे. तथापि नेमके वय या रेषा सांगत नाहीत. अंतर, तेज आणि तापमान मोजून, तारा आयुष्याच्या कोणत्या अवस्थेत आहे हे गणिताने ताडून ते काढावे लागते, आणि त्या गणितात प्राणवायूचे प्रमाण किंचित बदलले तरी उत्तर सरकते. २०१३ साली हे वय १४.५ अब्ज वर्षे निघाले, तेव्हा १३.८ अब्ज वर्षांच्या विश्वाहून तारा वडील असल्याचा गवगवा झाला. संशोधकांनी सोबतच नमूद केलेल्या ०.८ अब्ज वर्षांच्या अनिश्चिततेची दखल मात्र थोड्यांनीच घेतली. पुढील गणितांनी ते वय १२ अब्जांच्या आसपास आणले आहे.

उलट बाजूची साक्ष स्वरमंडळ तारकासमूहातील एनजीसी ६७९१ हा तारकागुच्छ देतो. त्याचे वय सुमारे ८ अब्ज वर्षे, म्हणजे ४.६ अब्ज वर्षांच्या सूर्याहून तो कितीतरी वडील. तरीही त्याच्या ताऱ्यांत लोह सूर्याच्या सुमारे दुप्पट. जेथे तारे झपाट्याने जन्मले, तेथे महाताऱ्यांचे स्फोटही लवकर होऊन वायू जड मूलद्रव्यांनी त्वरेने समृद्ध झाला. छोटा मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेत मात्र आज जन्मणारे तारेही लोहाच्या बाबतीत सूर्याच्या मानाने दरिद्रीच आहेत.

लोहाचे प्रमाण ही ताऱ्याच्या जन्मस्थळाची कैफियत आहे. तिला जन्मदाखला समजू नये. म्हणून ताऱ्याचे वय कोणत्या रीतीने काढले आणि त्यात किती चूक संभवते, या दोन गोष्टी संपादकांनी वयासोबत छापाव्यात आणि शिक्षकांनी वर्गात सांगाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्या आकड्यासोबत त्याची मर्यादा येत नाही, तो वाचकाच्या पदरी अर्धेच ज्ञान घालतो.