पुडीवर औषधाचं नाव हवं

मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई



शहाड स्टेशनपासून उल्हासनगरच्या कॅम्पांपर्यंत अनेक दमेकऱ्यांच्या हातात आजही दवाखान्यातून कागदाची पुडी पडते. आत सुट्या गोळ्या: एक पिवळी, एक पांढरी, कधी पांढरीचा अर्धा तुकडा. नाव कशावरच नाही. रात्रीत आराम पडतो, म्हणून लोक पुन्हा जातात.

अशा पुडीत बऱ्याचदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असतं आणि जोडीला क्लोरफेनिरामाइनसारखी ॲलर्जीची गोळी. तिनं शिंका आणि नाकाचं पाणी थांबतं. श्वासनळीची सूज मात्र एकट्या हिस्टामिनमुळे येत नाही, त्यामुळे दम्यावर तिचा फारसा उपयोग नाही. काम करतं ते स्टिरॉइड. अटॅक मोठा असेल तर त्याचे पाच-सात दिवस जीव वाचवतात, यात वाद नाही. पण जिचं नावच ठाऊक नाही ती गोळी माणूस महिनोन्‌महिने घेत राहतो. आमच्या शेजारच्या काकूंचा चेहरा सुजला, साखर वाढली. मोठ्या दवाखान्यात ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारल्यावर त्यांनी पर्समधून पुडीचा कोरा कागद काढून दिला. फार दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. कोऱ्या कागदावरून समोरच्या डॉक्टरांनी काय ओळखायचं?

याउलट दम्याच्या पंपातलं (इनहेलरमधलं) स्टिरॉइड थेट फुप्फुसात जातं, म्हणून ते थोडंच पुरतं. ब्युडेसोनाइडचा एक पफ 200 मायक्रोग्रॅमचा, तर अटॅकमध्ये प्रेडनिसोलोन दिवसाला 40 मिलिग्रॅमपर्यंत लागतं. तरी आमच्याकडे ‘सवय लागेल’ ही भीती पंपाची, पुडीची नाही.

स्टिरॉइड दुसऱ्या औषधात मिसळून पोटात घ्यायची तयार गोळी विकायला देशात बंदी आहे, सूट आहे ती पंपांना. सुट्या गोळ्या एकत्र देण्यावर मात्र बंदी नाही. आपल्या रुग्णाला स्वतः औषध देणाऱ्या डॉक्टरला औषध नियम, 1945 च्या अनुसूची ‘के’ने सवलत दिली आहे, पण अटींवर. स्टिरॉइडसारखं औषध असेल तर पुडीवर डॉक्टरचं नाव, पत्ता आणि डोस हवा. औषधाचं नाव, प्रमाण, रुग्णाचं नाव आणि तारीख रजिस्टरमध्ये हवी. खरेदीच्या नोंदी तपासायचा अधिकार आपल्या निरीक्षकांना आहे. म्हणजे औषधाचं नाव लिहायचं ते दवाखान्याच्या वहीत. ज्याच्या पोटात ते जातं त्याच्या हातात नाही.

या दवाखान्यांत फीमध्येच औषध मिळतं, म्हणून हातावर पोट असलेला माणूस तिथे जातो. ते बंद करा असं मी म्हणत नाही. आहे त्या अटींची तपासणी शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात सुरू करा. आणि पुडीवर औषधाचं नाव मराठीत व हिंदीत लिहिणं बंधनकारक व्हावं, अशी नियमदुरुस्तीची शिफारस केंद्राकडे पाठवा.

आपली,
शहाडची एक रहिवासी