टाकीतले मासे तापीत सोडू नका

"सर, मी माझे मासे प्रकाशाला जाऊन तापीत सोडून आलो."

आठवीतला एक विद्यार्थी परवा मधल्या सुट्टीत मोठ्या अभिमानाने सांगत होता. पिवळे-निळे आफ्रिकन सिक्लिड. दुकानातून आणले तेव्हा बोटाच्या पेराएवढे होते. वर्षभरात चार इंचांचे झाले आणि एकमेकांचे पर कुरतडू लागले. आजी म्हणाली, मुक्या जिवांना कोंडून ठेवू नकोस, सोडून दे, सवाब मिळेल. पोराने ऐकलं. त्याला काय बोलावं हे मला चटकन सुचेना, कारण हा शौक त्याला लागला तो माझ्या घरची टाकी पाहून.

माझी टाकी दोन फुटांची, साधारण 65 लिटरची. तीत टांगानिका सरोवरातले 'मल्टीफॅसिएटस' आहेत. हे जेमतेम दीड इंचाचे, रिकाम्या शंखांत घर करणारे मासे. शंख मी नवापूरकडच्या भातशेतातल्या गोगलगायींचे आणले, उकळून घेतले. हे चिमुकले जीव तोंडाने वाळू उपसून शंख हवा तसा पुरतात, त्यात अंडी घालतात आणि मोठा मासा जवळ आला की त्याच्यावर धावून जातात. आमच्या गल्लीतल्या बोअरच्या पाण्यात डाळ नीट शिजत नाही, पण यांना तेच मानवतं. त्यांच्या सरोवराचं पाणीही क्षारांचं, पीएच 9 च्या आसपास.

म्हणून हे सोपं आहे असं समजू नका. पहिली खेप मीच मारली. फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला. माशांच्या घाणीतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजात असतात, ते धुऊन गेले. क्षारांच्या पाण्यात अमोनिया आणखी विषारी होतो. दोन दिवसांत सात मासे गेले. आता स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळतो. मे महिन्यात पारा 42 च्या वर चढतो, गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. म्हणून बॅटरीवरचा पंप घेऊन ठेवलाय. एवढं करायची तयारी नसेल तर मासे आणूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दुकानदारानेही पिल्लू विकताना ते केवढं होणार हे सांगायला हवं. या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं.

आता तापीचं. आपल्या बाजारात मिळणारी चिलापी कुणी पाहिली नाही? तीही आफ्रिकेचीच, याच सिक्लिड कुळातली. लोकांना स्वस्त मासळी मिळावी म्हणून 1952 मध्ये ती भारतात आणली. ती इतकी फोफावली की 1959 मध्ये तिचा प्रसार थांबवायचं ठरलं, पण ती थांबली नाही. आपली रोहू, कटला वर्षातून एकदा, पावसाळ्यात, वाहत्या पाण्यात अंडी घालतात. चिलापीला साचलेलं पाणी चालतं. ती दोन-तीन महिन्यांतच वयात येते, वर्षातून अनेकदा अंडी घालते आणि मादी ती तोंडात धरून जपते. धरणं बांधून आपण नद्या साचवल्या, तिला आयतं रान मिळालं. उजनीत आज तिचंच राज्य आहे. तिच्यावर कितीतरी मच्छीमारांची चूल पेटते हे मी नाकारत नाही. पण पाण्यातून ती आता परत काढता येत नाही, हेही तितकंच खरं.

त्या पोराचे मासे जगतीलच असं नाही. बहुधा आठवडाभरात एखाद्या मरळीच्या पोटात जातील. पण जगले आणि वाढले, तर? मेले तरी टाकीतला रोग नदीत सोडून जातील, तो धोका वेगळाच. आजीच्या मनात रहम होता, त्याबद्दल वाद नाही. पण रहम करायचा तर नदीतल्या जिवांवरही करायला हवा ना? नको झालेले मासे दुकानात परत द्या, दुसऱ्या शौकिनाला द्या, काहीच जमलं नाही तर मोठी टाकी घ्या. विहीर, तलाव, नदी यांपैकी कुठेही सोडू नका.

हे सगळं मी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आजींनाही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "मग उरलेल्या तिघांचं काय करायचं, मास्तर?" तीन मासे हाती लागले नाहीत म्हणून टाकीतच राहिले होते. त्यांतली एक पिवळी मादी कोपऱ्यात गलफडं फुगवून बसलेली. मुलगा म्हणाला, "सर, ही चार दिवस झाले काही खात नाही. आजारी आहे का?"

आजारी नव्हती. तोंडात अंडी धरून बसली होती, अजून दोन-तीन आठवडे तशीच राहणार. पिल्लं निघाली की कुणाकुणाला द्यायची, याची यादी आम्ही तिघांनी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर करायला घेतली आहे. आतापर्यंत दोनच नावं झालीत, त्यातलं एक माझं.