कंबरदुखी आणि सक्तीची विश्रांती
कंबर धरली की रुग्णास उताणे निजवावयाचे, पट्टा आवळावयाचा आणि वजने लावून मणके ताणावयाचे, ही रीत आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की तिच्या उपयुक्ततेविषयी कोणी शंकाही घेत नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसंबंधी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत पट्टा व ताण हे नित्याचे उपचार म्हणून नाकारले असून व्यायाम, मालीश व रुग्णाचे प्रबोधन यांस मान्यता दिली आहे. मणक्यांच्या तपासणीच्या छायाचित्रातील चकतीची झीज पाहून हबकणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, ती वेदनारहित माणसांतही वयपरत्वे सर्रास आढळते. (पाय लुळा पडणे वा लघवीवरील ताबा जाणे, ही लक्षणे मात्र निराळी; तेथे क्षणाचाही विलंब नको.)

माझी खरी तळमळ आहे ती बाजार समितीतल्या हमालाविषयी. पाठीवर पोते, मान पुढे झुकलेली, अशा स्थितीत फळीवरून ट्रकात चढणाऱ्या त्या मजुरास केवळ व्यायामाचा सल्ला देऊन भागणार नाही. अशा मजुरांसाठी माथाडी कायदा १९६९ सालीच झाला. त्याच्या अंमलबजावणीत पोत्याचे वजन घटविण्याची, आणि पाठ दुखावलेल्यास रोजंदारी न कापता काही दिवस हलके काम देण्याची तजवीज झालीच पाहिजे.