शब्दांची गंमत : भंकस आणि बंकम



परवा आमच्या चौथीच्या वर्गात वसईच्या किल्ल्याबद्दल बोलणं चाललं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आपल्या वसईची घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे. मामाकडे गेले होते तेव्हा मी पाहिली."

"भंकस!" सगळा वर्ग ओरडला. मलाही हसू आलं. ती मुलगी जी खाली बसली, ती दिवसभर बोललीच नाही.

आता गंमत ऐका. आपल्या 'भंकस'सारखाच अमेरिकेत एक शब्द आहे, 'बंकम'. अर्थ तोच : पोकळ बडबड. पण मुळात बंकम हे नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एका जिल्ह्याचं नाव! १८२० साली अमेरिकेच्या संसदेत मिसूरी राज्यात गुलामगिरी असावी की नसावी, यावर मोठा वाद चालला होता. मतदानाची घाई झाली असताना त्या भागाचे खासदार फेलिक्स वॉकर भाषणाला उभे राहिले. सभासद कंटाळले, पण ते ऐकेनात. म्हणाले, मी बोलतोय ते बंकमसाठी! म्हणजे घरच्या मतदारांना खूश करायला. झालं! पोकळ बोलण्याला 'बंकम' हेच नाव पडलं. पुढे त्याचं 'बंक' झालं आणि १९२३ साली विल्यम वुडवर्ड या लेखकाने त्यावरून 'डीबंक' शब्द काढला. अर्थ, भंकस उघडी पाडणे.

पण उघडी पाडायची तर आधी तपासायला नको का? त्या रात्री मी पुस्तकं काढली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यांतलीच एक नारोशंकराच्या देवळावर आहे. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेलं आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण 'नारोशंकराची घंटा' म्हणतो ना, ती हीच!

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर मी म्हटलं, "बाळ, तुझं खरं होतं. चुकले मी." मग तिने घंटेचं चित्र फळ्यावर काढून दाखवलं.

वॉकरसाहेबांचं बोलणं पोकळ होतं. हिचं नव्हतं, आम्हालाच माहीत नव्हतं. मुलांनो, आपल्याला ठाऊक नाही ते सगळं भंकस नसतं. म्हणून 'भंकस' म्हणण्याआधी एवढंच विचारा, "तुला कसं कळलं?"

जाता जाता एक कोडं : मोठा पराभव झाला की आपण कोणत्या गावाचं नाव घेतो? आईबाबांना विचारा. आणि का घेतो, तेही विचारा!

तुमची,
बाई