एका छपराखाली दोन झेंडे

आपल्याकडे नवरा-बायकोच्या भांडणाला कारण लागत नाही, आणि निवडणुकीच्या दिवसांत तर लागतच नाही. पण मध्य प्रदेशातल्या बालाघाटात 2024 च्या एप्रिल महिन्यात जे घडले, ते जरा वेगळेच होते. माजी खासदार कंकर मुंजारे लोकसभेला बहुजन समाज पक्षाकडून उभे होते. त्यांची पत्नी अनुभा मुंजारे बालाघाटच्या काँग्रेसच्या आमदार. दोन विचारांची माणसे प्रचाराच्या काळात एका घरात राहिली, तर लोक म्हणतील यांचे आतून काहीतरी साटेलोटे आहे, असे म्हणून कंकररावांनी घर सोडले. 19 एप्रिलच्या मतदानापर्यंत ते धरणाजवळच्या एका झोपडीत राहायला गेले. बाईंना ते पटले नाही. पाचच महिन्यांपूर्वी, विधानसभेला, आपण काँग्रेसच्या आणि नवरा गोंडवाना गणतंत्र पक्षाचा असताना दोघे एकाच घरात होतोच की, असे त्यांचे म्हणणे. मला विचाराल तर मुद्दा बाईंचा बरोबर होता. पण बातमी झाली ती झोपडीची!

बालाघाट म्हटले की आपल्याला बीड-उस्मानाबादकडचा डोंगर आठवतो. हे बालाघाट त्याच्याही पलीकडचे, गोंदियाला लागून, वैनगंगेच्या काठचे. शहराला खेटून भरवेली आहे, मँगनीजच्या खाणीचे गाव. आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ती ओळखली जाते. इंग्रजांच्या काळात या भागात मँगनीज काढणाऱ्या कंपनीच्या जागी 1962 साली 'मॉयल' ही कंपनी आली. गंमत म्हणजे भरवेलीची खाण मध्य प्रदेशात आणि कंपनीचे मुख्य कार्यालय नागपुरात. त्याच कंपनीच्या काही खाणी नागपूर-भंडारा जिल्ह्यांत. जमिनीखालच्या खनिजाला राज्याची हद्द कळत नाही. वरच्या माणसांना मात्र ती शिकावी लागते.

ही हद्द पडली 1 नोव्हेंबर 1956 ला. तारीख ओळखीची वाटली ना? त्याच दिवशी आपले बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याआधी आपले आमदार मुंबईला जाऊन बसत आणि बालाघाटचे आमदार नागपूरला, कारण जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती आणि त्या राज्याला हिंदी व मराठी अशा दोन राजभाषा होत्या. नागपूर-विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले. बालाघाट त्या आठांत नव्हते. 1952 ला निवडून आलेल्यांची वाट नागपूरची होती, 1957 पासून ती भोपाळची झाली. आजही 1 नोव्हेंबरला तिकडे मध्य प्रदेशचा स्थापना दिवस असतो. आपल्याकडे त्या दिवशी एका गल्लीत राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा असतो, दुसऱ्या गल्लीत काळा दिवस. आणि ज्या घरात सासर मराठी व माहेर कन्नड, तिथे सकाळचा चहा जरा सांभाळूनच होतो.

मग तिकडच्या मतपेटीत या हद्दीचे काय झाले? आपण समिती केली. महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार 1957 पासून निवडून जात राहिले. बालाघाटात भाषेचा पक्ष काही रुजला नाही. तिथल्या नावांकडे मात्र पाहा. लोकसभेला 1957, 1967 आणि 1971 मध्ये काँग्रेसचे चिंतामणराव गौतम, मधल्या 1962 च्या निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाचे भोलाराम पारधी. अलीकडे देशमुख, भगत, बिसेन. पारधी, बिसेन, पटले, रहांगडाले, कटरे ही पवार (पोवार) समाजाची आडनावे. गोंदिया-भंडाऱ्यातही तीच, बालाघाटातही तीच. हद्दीच्या अलीकडे-पलीकडे सोयरीक चालते. पत्रिकेवरचे राज्य तेवढे बदलते.

1977 ची गोष्ट तर सांगायलाच हवी. जनता लाटेत मध्य प्रदेशच्या 40 पैकी 37 जागा जनता पक्षाने घेतल्या. बालाघाटातून निवडून आले कचरुलाल हेमराज जैन, रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाकडून. हे खोब्रागडे म्हणजे चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ. राज्याची हद्द पडून वीस वर्षे उलटल्यावरही विदर्भातला एक पक्ष हद्द ओलांडून तिथे खासदार निवडून आणत होता. 1989 ला हेच कंकर मुंजारे कुठल्याही मोठ्या पक्षाच्या आधाराशिवाय खासदार झाले. तेव्हा त्यांना घर सोडावे लागले नव्हते!

बालाघाट विधानसभेची खरी कहाणी 1985 पासून सुरू होते. त्या वर्षी भाजपचे गौरीशंकर बिसेन पहिल्यांदा आमदार झाले. एकूण सात वेळा विधानसभा, त्याखेरीज 1998 आणि 2004 ला लोकसभा, मध्ये 2013 ते 2018 कृषिमंत्रिपद. खासदार झाले तरी पुन्हा याच मतदारसंघाकडे वळले. आपल्याकडे याला 'गढी' म्हणतात. ती गढी ढासळवायला एक बाई लागली. अनुभा मुंजारे बालाघाटच्या नगराध्यक्षा होत्या. 2013 ला समाजवादी पक्षाकडून उभ्या राहून त्यांनी बिसेनांना इतके जवळ गाठले की फरक अवघ्या अडीच हजारांच्या आसपास राहिला. 2018 ला पुन्हा त्याच पक्षाकडून, पुन्हा पराभव. 2023 ला काँग्रेसचे तिकीट.

त्या वेळी भाजपने आधी बिसेनांची मुलगी मौसम हिला उमेदवारी दिली होती. तिची तब्येत बिघडल्याचे सांगून वडीलच अर्ज भरायला पुढे आले. म्हणजे एका बाजूला बाप-लेक आणि दुसऱ्या बाजूला नवरा-बायको. या पानावर लिहायला दुसरे काय हवे? 17 नोव्हेंबरला मतदान झाले, 3 डिसेंबरला निकाल लागला. राज्यात भाजपने 230 पैकी 163 जागा जिंकल्या आणि बालाघाटात मात्र बिसेन सुमारे 29 हजार मतांनी हरले. जिल्ह्यातल्या सहा जागांपैकी चार काँग्रेसला गेल्या. चार महिन्यांनी लोकसभेला त्याच मतदारांनी भाजपच्या भारती पारधींना निवडून दिले, कंकरराव झोपडीत राहूनही हरले. एका हाताने आमदार काँग्रेसचा, दुसऱ्या हाताने खासदार भाजपचा. असा मतदार मला आवडतो.

सगळे काही हसण्यावारी नेण्यासारखे नाही. या जिल्ह्यात नक्षलवाद्यांनी 15 डिसेंबर 1999 ला परिवहनमंत्री लिखिराम कावरे यांना त्यांच्याच गावातल्या घरी मारले. पुढे त्यांची मुलगी हिना कावरे लांजीतून 2013 आणि 2018 ला आमदार झाली, विधानसभेची उपाध्यक्षही झाली. बैहर, लांजी आणि परसवाडा या तीन मतदारसंघांत 2018 ला आणि 2023 लाही मतदान दुपारी तीनलाच संपवावे लागले. आपल्याकडे समितीच्या सभेत लाठीमार झालेला पाहिला आहे. पण सूर्य वर असताना मतदान केंद्र बंद करण्याची वेळ आपल्यावर आली नाही.

आता भाषेबद्दल. निवडणुकीला हिंदीत चुनाव, कन्नडमध्ये चुनावणे, मराठीतच तेवढी निवडणूक. आपण मतदारसंघ म्हणतो, कन्नडवाले क्षेत्र म्हणतात आणि भरवेलीचा माणूसही क्षेत्रच म्हणतो. 'मत' मात्र आपल्या दोन्ही घरांत मतच. शब्दांची ही सरमिसळ आपल्या घरांना नवी नाही. पण माझा एक प्रश्न सुटत नाही. आपण भाषेसाठी लढलो. 1996 ला बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार उभे करून देशाला दखल घ्यायला लावली. 2008 च्या फेररचनेत उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघच गेले (बालाघाट जिल्ह्यातही तेव्हा आठांचे सहा झाले, किरनापूर आणि खैरलांजी पुसले गेले). समितीला 2013 ला दोन जागा मिळाल्या, 2018 आणि 2023 ला एकही नाही. बालाघाटवाले लढलेच नाहीत. त्यांची मराठी सरकारी कागदावरून गेली, पण कुणी त्यांना 'तुम्ही इथले की तिथले' असे मतदानाच्या दिवशी विचारले नाही. आपल्या दोघांत काय कुणाच्या हाती लागले, याचा हिशेब मी अनेकदा मांडला. दर वेळी उत्तर वेगळे येते.

आमच्या घरात सासूबाई कन्नड वर्तमानपत्र वाचतात, मी मराठी. 2023 च्या मे महिन्यात बेळगावच्या मतमोजणीच्या दिवशी टीव्हीसमोर दोघी बसलो होतो. समितीचा उमेदवार मागे पडला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. एरवी तो मी करते.