डीजेचे संगीत आणि त्यातील भाव

'डीजे' हा शब्द उच्चारताच आमच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. इंदुरातील बहुतेकांस हा शब्द ठाऊक आहे तो वरातीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीमुळे. खिडक्यांची तावदाने हादरविणारा तो गोंगाट आम्हांसही रुचत नाही. परंतु त्याच नावाखाली एक निराळे, गंभीर संगीत जगात नांदत आहे. त्यास 'डीप हाऊस' म्हणतात. ते केवळ भावशून्य यंत्रनाद आहे, हे मत आम्हांस मान्य नाही.

या संगीताचे मूळ अमेरिकेतील शिकागो शहरात आहे. तेथील 'वेअरहाऊस' नावाच्या नृत्यगृहात १९७७ पासून फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवीत असे. तेथे येणारे बहुतांशी कृष्णवर्णीय व समलिंगी तरुण होते. इतरत्र मोकळेपणाने वावरणे त्यांना कठीण होते. पुढे त्याच शहरातील लॅरी हर्ड याची 'कॅन यू फील इट' ही रचना १९८६ साली निघाली. तीत ठेका अखंड चालतो, खाली खर्ज घुमतो, आणि वर मोजकेच स्वरसमूह पुनःपुन्हा येतात. एवढ्यानेच मनास हुरहूर लागते.

दुसऱ्यांच्या तबकड्या लावणारा कलावंत कसा, असा आक्षेप घेतला जातो. मग कीर्तनकाराचे काय करावे? अभंग तुकोबांचा, ओवी ज्ञानोबांची, आख्यान पुराणातले. तरी श्रोत्यांना पूर्वरंगातून उत्तररंगात नेणारा तोच! डीजेही एक तबकडी चालू असता दुसरीची लय कानाशी धरून जुळवितो. मग पहिलीचा खर्ज हळूहळू उतरवितो आणि दुसरीचा चढवितो. पहिली केव्हा सरली ते ऐकणाऱ्यास कळत नाही. काहीतरी दूर गेले, एवढे मात्र जाणवते. कित्येक तासांच्या बैठकीत हे अनेकवार घडते. आमच्या मते खरा भाव त्या सांध्यांत आहे; मोठ्या आवाजात तो शोधू नये.

इंदूरकरांस तरी हे परके वाटू नये. उस्ताद अमीर खाँ याच शहरात वाढले. झुमऱ्याच्या १४ मात्रा अतिविलंबित लयीत चालू असत, तबल्याने साधा ठेकाच धरावा असा त्यांचा आग्रह असे. मारव्यात षड्ज लांबणीवर पडतो, आणि श्रोता त्याची वाट पाहत राहतो. डीप हाऊसचे मिनिटास सुमारे १२० ठोके पडतात. तरी ते संथ वाटते, कारण ठोक्यांवरील स्वर घाईने बदलत नाहीत. खाँसाहेबांची सर यंत्रास येईल असे आम्ही म्हणत नाही. गायक त्या क्षणी नवा स्वर निर्मितो. तबकडीस ते साधत नाही. वाट पाहावयास लावण्याची विद्या मात्र उभयतांपाशी आहे.

ज्यांना हे पडताळून पाहावयाचे असेल त्यांनी रात्री, बेताच्या आवाजात, चांगल्या यंत्रावर ऐकावे. मोबाइलच्या इवल्याशा ध्वनिक्षेपकातून खर्ज ऐकूच येत नाही; उरते ती नुसती टकटक, आणि मग आजोबांचेच म्हणणे खरे ठरते.